तीन पायांची मेंढी

"आई, त्याला विस्तवाजवळ ठेव ना. थंडी वाजतेय त्याला."

तीस वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या रोमेडने नाताळच्या गव्हाणीतल्या लाकडी मेंढपाळाबद्दल म्हटलेलं हे वाक्य. त्याच्या आईने, नोटबुर्गाबाईंनी, पत्राची सुरुवात तिथूनच केली होती.

थेक्ला ब्रुगर ते पत्र गाडीत वाचून दाखवत होती. रोझेनहाइमहून सकाळी निघालेली गाडी सरहद्द ओलांडून इन नदीच्या काठाकाठाने इन्सब्रुककडे चालली होती. दोन्हीकडे डोंगर, डोंगरांवर बर्फ, आणि ऊन अजून शिखरांवरच अडकलेलं.

समोर कोर्बिनियान सॉसेज सोलत बसला होता. याच मार्गावर पस्तीस वर्षं तिकिटं तपासून तो निवृत्त झाला होता. आता थेक्लाच्या तपासात सोबत करायचा.

"एक दिवसाची सहल, असं ठरलं होतं," तो कुरकुरला. "इन्सब्रुकचं ते प्रसिद्ध सोनेरी छप्पर बघायचं, गरम वाइन प्यायची, सव्वापाचच्या गाडीने परत. तू सहलीतही चोर शोधतेस!"

"चोरीला गेलाय तो वीतभर उंचीचा लाकडी मेंढपाळ. खा आणि ऐक."

रोमेड अकरा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, शहरामागच्या डोंगरावर कोसळत्या हिमकड्याखाली सापडून गेला. त्याचे वडील विगिल मूर्ती कोरणारे. त्यांनी नाताळच्या गव्हाणीसाठी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी, नवा मेंढपाळ कोरला आणि त्याला मुलाचा चेहरा दिला. गव्हाणी ते दरवर्षी दार लावून एकटेच मांडायचे. मेंढपाळ देखाव्यातल्या खोट्या विस्तवाजवळ.

यंदा नाताळात नोटबुर्गाबाई खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी हॉस्पिटलात होत्या. सहा जानेवारीला दुपारी घरी आल्या, त्या दिवशीच्या रीतीप्रमाणे तीन राजांच्या मूर्ती गव्हाणीत ठेवायला गेल्या, तर मेंढपाळ नव्हता. त्या सकाळी दोघंच गव्हाणी बघून गेली होती: शेजारीण क्रेसेन्झ आणि रोमेडचा मित्र कासियान.

'कासियानने माझा मुलगा डोंगरावर नेला,' पत्राच्या शेवटी होतं, 'आता त्याचा चेहराही नेला.'

घर नदीपलीकडे, उतारावर. दार उघडलं आणि खोली तापवणाऱ्या भट्टीची ऊब अंगावर आली. कोर्बिनियानच्या चष्म्यावर वाफ धरली.

"वा! काय सुरेख गव्हाणी!" तो दारातूनच म्हणाला. गव्हाणी बघायला जायची रीतच तशी. आधी कौतुक, मग दारूचा छोटा पेला.

"कोर्बिनियान, ते कपाट आहे," थेक्ला म्हणाली.

पेला मात्र त्याला मिळाला. विगिल भट्टीला टेकून बाकावर बसले होते, जाड कोट घालून. त्यांनी डाव्या हातानेच ओतलं, डावाच हात पुढे केला. उजवा खिशात होता.

थेक्ला गव्हाणीपाशी वाकली. ओल्या शेवाळावर गाय, गाढव, मेंढरं. तिने एक मेंढी अलगद उचलली. मेंढीला तीनच पाय होते, आणि शेवाळात तीन खोल खळगे. विस्तवाजवळची जागा मात्र नुकत्या पिंजलेल्या लोकरीसारखी फुगीर होती.

"ही मेंढी लंगडी कशी?"

विगिलनी भट्टीकडे तोंड वळवलं.

"जुनी असेल," कुबडीवर रेललेल्या नोटबुर्गाबाई म्हणाल्या. टेबलावर एक बंद पाकीट होतं. "संध्याकाळच्या घंटेला ही तक्रार फादरना देणार. देवळाची गव्हाणी दुरुस्त करायचं काम त्या चोराकडे, कासियानकडे, नको. त्याआधी मेंढपाळ मिळाला तर ठीक."

क्रेसेन्झ समोरच्याच घरात राहायची. जाड चष्मा, मोठा आवाज.

"अगं बाई, मी नाताळापासून चारदा गेले! दारातूनच म्हणायचे, 'विगिलभाऊ, मेंढपाळ म्हणजे अगदी जिवंत!' सहालासुद्धा म्हणाले. रोज हॉस्पिटलात फोन करून नोटबुर्गाला सांगायचे, तुझा रोमेड मजेत बसलाय विस्तवाजवळ."

"बसलाय?"

"उभा आहे गं! काय पोलिसासारखी पकडतेस?"

कासियान देवळामागच्या खोलीत एका देवदूताच्या पंखाला रंग देत होता.

"मेंढपाळ तू नेलास?"

"नाही."

"सहाला तो जागेवर होता?"

"माहीत नाही. मी त्याच्याकडे बघत नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. 'छान' म्हणतो, पेला घेतो, बाहेर पडतो." जरा थांबून म्हणाला, "खाली मान घालून मेंढ्या तेवढ्या बघतो. त्या लंगडीला पाय लावून देतो, म्हटलं होतं. काका नको म्हणाले."

"रोमेडला डोंगरावर तूच नेलंस?"

कुंचला थांबला. "काकू तसं म्हणतात."

"आणि तू?"

"म्हणू देत त्यांना. कोणावर तरी रागवायला हवंच ना माणसाला."

बाहेर बर्फ भुरभुरत होता. "कासियानच," कोर्बिनियान म्हणाला. "नजर चोरत होता."

"नजर चोरणारा चेहरा कशाला चोरेल? चल, त्यालाही घेऊन."

चार वाजता सगळे त्या उबदार खोलीत जमले. कासियान दाराशीच उभा राहिला.

"सहाला इथे चोरी झालीच नाही," थेक्ला म्हणाली. "नाताळापासून उभ्या असलेल्या मेंढीने शेवाळात खळगे पाडलेत. विस्तवाजवळ एकही खळगा नाही. मेंढपाळ यंदा गव्हाणीत ठेवलाच नव्हता."

"मी चारदा पाहिला!" क्रेसेन्झ उसळली.

"तुम्ही चारदा कौतुक केलंत. बर्फातून येऊन या खोलीत पाऊल टाकलं की चष्म्याला काही दिसत नाही. कोर्बिनियानने सकाळी कपाटाची स्तुती केली. वाफ निवळेपर्यंत हातात पेला येतो, आणि मग बघतं कोण? दरवर्षी जे म्हणता तेच यंदाही म्हणालात."

क्रेसेन्झ चष्मा काढून एप्रनच्या टोकाने उगाच पुसत राहिली.

"गव्हाणी मांडतं एकच माणूस," थेक्लाचा आवाज हळू झाला. "आणि ते माणूस तापलेल्या भट्टीला टेकून कोट काढत नाही. डाव्या हाताने ओततं. विगिलकाका, उजव्या हातात काय आहे?"

नोटबुर्गाबाई नवऱ्याकडे वळल्या. विगिलनी हात बाहेर काढला. वीतभर मेंढपाळ, हातात कंदील, आणि घासून घासून गुळगुळीत झालेला तो चेहरा.

"पायाचा खिळा ढिला झाला होता," ते म्हणाले. "बसवायला हातात धरला. लाकूड गरम झालं गं, माणसासारखं. मग थंड शेवाळावर ठेववेना."

"आणि या पोराला चोर ठरू दिलंत?" थेक्लाने विचारलं.

विगिलनी मेंढपाळाच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. थेक्लाने तीन पायांची मेंढी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

"तुमच्यासारखा कारागीर ही अशी का ठेवतो, कासियानलाही हात का लावू देत नाही, ते तुम्हीच सांगा. मला फक्त शंका आहे."

"राहू द्या, काका," दाराकडून कासियान म्हणाला.

देवळाची घंटा सुरू झाली. नोटबुर्गाबाईंचा हात पाकिटावर तसाच राहिला.

"हिचा पाय रोमेडने मोडला," विगिल मेंढीकडे बघत म्हणाले. "त्या सकाळी. कासियान बोलवायला आला, तर रोमेड म्हणाला, आज नको, आज बाबांजवळ बसून कोरणार. आणि सुरी घसरली. मी म्हणालो, ऊठ इथून. तुझ्या हाताला लाकूड कळत नाही. जा, बर्फातच खेळ जा." त्यांनी मेंढपाळ बायकोच्या हातात दिला, तो अजून गरम होता. "तो जाणार नव्हता, बुर्गा. मी घालवला त्याला."