दोघं बसल्यावर येणारा आवाज

भल्या सकाळी रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवर "थांबा!" म्हणून खेकसायचं, हे काही शहाण्या मुलीचं लक्षण नव्हे. पण ठिणगी शहाणी आहे असं तिच्या मामानेही कधी म्हटलं नव्हतं. ठिणगी हे नावही त्यानेच पाडलेलं.

मोटरसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला. मागच्या लाकडी खोक्यातल्या कुंड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्यातली एक उडी मारून थेट ठिणगीच्या हातात येऊन बसली. ओल्या मातीचा वास... तिच्या नाकावर चिखलाचा एक ठिपका... आणि पानांच्या आडून दिसणारे दोन भेदरलेले डोळे.

"अहो, जीव द्यायचाय का तुम्हाला?"

"मला नाही. तुमच्या चेनला द्यायचाय. ऐकू येत नाही?"

डोळ्यांतली भीती पार पळाली. "तुम्हाला... तुम्हाला येतो आवाज? खरंच?"

"न यायला काय झालं? जात्यात खडे भरडल्यासारखा खर्रर्र... खट्, खर्रर्र... खट्!"

"देव भलं करो तुमचं!" तो म्हणाला. "दोन गॅरेजवाल्यांनी मला वेड्यात काढलंय. म्हणतात, आवाज गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे."

त्यांचंही खोटं नव्हतं. तो रोपवाटिकेतल्या कुंड्या पोचवायला निघायचा तेव्हा गल्ली साखरझोपेत असायची. जागं असायचं ते फक्त वळणावरच्या घरातलं तान्हं बाळ. तेही हा आवाज आला की रडायचं थांबायचं, आपल्यापेक्षा मोठ्याने कोण रडतंय ते ऐकायला. पण बाळाची साक्ष कोण धरणार?

"दुपारी घेऊन या," ठिणगीने मागे मामाच्या गॅरेजच्या शटरकडे बोट दाखवलं. "शोधून काढीन."

"आणि ती कुंडी...?"

"ती पुरावा म्हणून माझ्याकडे राहील."

दुपारी कुंडीवाला आला. खोकं रोपवाटिकेत उतरवून, केस विंचरून आला. आता गाडीला भेटायला जाताना केस कशाला विंचरावे लागतात, ते त्यालाच ठाऊक.

मामाने एका हाताने कंबर धरून गाडी फिरवून आणली. "लोण्यासारखी चाललीय! आवाज नाही नि बिवाज नाही."

"मी सकाळी ऐकलाय, मामा."

"सकाळी तुझ्या कानात झोप असते."

मामाची पाठ पार गेली होती. महिनाअखेरीस शटर कायमचं ओढायचं आणि जागा गादीवाल्याला द्यायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गादीवाला टेप घेऊन भिंती मोजूनही गेला होता. ठिणगीने मात्र मान डोलावली नव्हती.

"गॅरेज मी चालवीन," ती परत म्हणाली.

"पाना फिरवता आला म्हणजे मिस्त्री होत नाही, पोरी. जुन्या गाडीचं दुखणं कानाने शोधावं लागतं. असं कर... आवाज आहे म्हणतेस ना? महिना संपायच्या आत मला तो ऐकवून दाखव आणि बंद करून दाखव. किल्ली तुझी."

"विचार कर हं. माघार नाही."

"मामाचा शब्द आहे!" मामा हसत हसत बोलला, आणि हसताना पाठीत कळ आली म्हणून ओरडला.

त्या दिवसापासून कुंडीवाला रोज दुपारी हजर. ठिणगीने चेनवरचं कव्हर उतरवलं, चेन रॉकेलने धुतली, तेल पाजलं. चाकाचे बेअरिंग पाहिले. दुपारी गाडी मुकी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खर्रर्र... खट्! रोज येताना त्याच्या हातात एखादं रोप असायचं. खिडकीत एवढी झाडं झाली, की गिऱ्हाइकं पंक्चर काढायला यायची आणि मोगऱ्याचा भाव विचारायची.

"हे रोज का आणता?" एकदा तिने विचारलं.

"पुरावा वाढतोय ना... तुमच्याकडे."

ठिणगीने मान खाली घातली आणि एक नट गरजेपेक्षा जास्त आवळला.

महिना संपायला दोन दिवस असतानाच गादीवाला कापसाची पोती टाकून गेला, त्या संध्याकाळची गोष्ट. मामा आत आडवा झालेला. कुंडीवाला गाडीवर बसून चहा पीत होता. ठिणगी दमली होती, हाताला तेल, गालाला तेल. चेन बोटाने हलवून पाहिली, चांगली झुलत होती. ती उठली आणि त्याच्यामागे सीटवर एका अंगाला पाय सोडून टेकली.

"हरलात?" त्याने हळूच विचारलं.

"बसले म्हणजे हरले असं नसतं," ती म्हणाली. रडू येऊ नये म्हणून तिने खाली बघितलं... आणि बघतच राहिली.

चेन तारेसारखी ताठ झाली होती.

"हलू नका!"

"मी फक्त श्वास घेतोय."

"तोही जरा बेताने घ्या."

तिने खाली वाकून चेनला बोट लावलं. हलेना. ती उडी मारून उतरली. चेन सैल. परत बसली. चेन ताठ!

"अहो, कुंड्या! सकाळी गाडीवर काय असतं? ओल्या मातीच्या भरलेल्या कुंड्या. दुपारी काय असतं?"

"...मी."

"फक्त तुम्ही! ओझं आलं की मागचे स्प्रिंग दबतात, चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. आणि तुमच्या त्या दोन शहाण्यांनी काय केलं? आवाज सापडेना म्हणून रिकामी गाडी स्टँडवर चढवून चेन आणखी आवळून दिली. आता ओझ्याखाली तिला जागाच उरलेली नाही. चला, काढा गाडी!"

"कुठे?"

"जिथे आवाज येईल तिथे."

तिने आधी मागची कडी धरली. मग एक खड्डा आला, आणि कडीपेक्षा त्याचा खांदा जवळ होता. पुढच्या चढाला गाडीने तोंड उघडलं... खर्रर्र... खट्! खर्रर्र... खट्! दोघं एकदमच ओरडले, "आला!" आपल्याच गाडीचा खडखडाट ऐकून इतकं खूश झालेलं माणूस त्या रस्त्याने पूर्वी पाहिलं नव्हतं. तारेवरचे कावळे उठले ते म्हणे दुसऱ्या गावाला जाऊनच बसले.

खडखडाट गॅरेजच्या दारापर्यंत पोचला तसा मामा कंबर धरून बाहेर आला. "काय हा आवाज!"

"माझ्या कानातली झोप," ठिणगी म्हणाली.

मामाने खाली वाकून पाहिलं. "चेन ताण जरा."

"ताणून ताणूनच मेलीय ती. सैल हवी." तिने गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. चेन एका जागी झुलायची, जरा पुढे गेली की ताठ व्हायची. "बघ. सगळीकडे सारखी झिजलेली नाही. आणि ही स्प्रॉकेटची चाकं बघ, दाते वाघनखासारखे वाकलेत. नुसती चेन बदलून भागायचं नाही. पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट नवी टाकणार."

दुसऱ्या दिवशी सगळं नवं बसलं. उरला तो चेनचा ढिलेपणा ठरवण्याचा प्रश्न. ठिणगीचं म्हणणं, गाडीवर दोघं बसलेले असतानाच तो बघायचा.

"बसणार कोण?" मामाने विचारलं.

"पाना माझ्या हातात आहे," ठिणगी म्हणाली, आणि मामाकडे पाहिलं.

तर मामा बसला. कुंडीवाल्याला पाठीमागून घट्ट मिठी मारून बसला. आणखी एक पोतं घेऊन आलेला गादीवाला ते खाली टाकून तमाशा बघत उभा राहिला.

"उतरा दोघं. जरा सैल करते... बसा. एक वीत पुढे ढकला... नाही, इथे ताठ होतेय. उतरा."

"अगं, पाठ माझी!"

"मामाचा शब्द आहे ना? बस."

चढ-उतर, चढ-उतर. शेवटी कुठेतरी मामाच्या पाठीत 'कट्' असा आवाज झाला, आणि जी कळ डॉक्टरच्या गोळ्यांना बधली नव्हती ती गेली ती गेलीच. मामा आजही शपथेवर सांगतो. न मानणाऱ्याने त्याच्याशी वाद घालून बघावा.

मग तिघांच्या देखत भरलेल्या कुंड्या लादून गाडी चढावर गेली आणि आली. आवाज? मांजर चालावं तसा.

मामाने खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि ठिणगीच्या तळहातावर ठेवली. "माझी पाठ सुटली, पोरी. पण कान तुझेच खरे." गादीवाला निमूटपणे पोती उचलू लागला.

दुसऱ्या सकाळी ठिणगीने आपलं शटर उघडलं. स्वतःचं. आनंदाने नाचायला हवं होतं; पण तिचे कान वळणाकडे लागलेले. बाळ मनसोक्त रडत होतं. गाडी केव्हा येऊन केव्हा गेली, कळलंच नाही... दुरून हललेला एक हात तेवढा दिसला. दुपारी कोणी आलं नाही. दुरुस्त गाडी कशाला येईल? खिडकीतल्या झाडांना तिने दोनदा पाणी घातलं. मग ठरवलं, उद्या सकाळी परत रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं. कारण असो वा नसो.

तेवढ्यात तो दारात. केस विंचरलेले. हातात रोप नाही, आणि ते हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

"एक... आवाज येतोय."

ठिणगीचा चेहरा लाल झाला. "शक्यच नाही!" तिने गाडी घेतली, चढावर फिरवली, कान देऊन ऐकलं. "काही नाही. कधी येतो?"

"एकटा असलो की."

"कुठून?"

"...मागच्या सीटवरून. रिकामी असते ना ती."

ठिणगीने गंभीरपणे गाडीभोवती एक चक्कर मारली. सीटवर टिचकी वाजवली. ओठ दाबून धरले, पण डोळ्यांना कुलूप कुठून लावणार?

"दुखणं जुनं दिसतंय."

"तुम्ही रस्त्यात आडव्या आलात तेव्हापासूनचं."

"एका दिवसात बरं होणारं नाही. रोज आणावी लागेल."

"रोज आणीन. म्हातारा झालो तरी आणीन... तुम्ही... बसाल?"

आतून मामाचा खणखणीत आवाज आला, "मला तर स्पष्ट ऐकू येतोय, बुवा! केवढा तो आवाज! जा, दोघं बसून नीट तपासून या. घाई करू नका. आणि किल्ली टाकून जा, शटर मी ओढतो!"

ठिणगीने किल्ली भिरकावली. आता त्याच्यामागे बसताना तिने कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात सरळ खांद्यावर गेला.

वळणावरच्या घरात बाळ रडत होतं. गाडी मुकाट गेली. पण बाळ थांबलं... एवढं कोण हसतंय, ते ऐकायला.