पिशवीतली लिली

तो तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा ती वाफ्याच्या कडेला गुडघे टेकून, मान वाकडी करून, एका पांढऱ्या लिलीच्या घशात डोकावत होती. खरं तर आधी त्याचे बूट दिसले. चिखलाने माखलेले, एकाची लेस सुटलेली. मग वरून आवाज आला, अगदी शांत, आणि म्हणूनच जरा घाबरवणारा.

"यावरची कागदी पिशवी... तुम्ही काढलीत?"

आता ती काय म्हणाली ते सांगण्याआधी गोष्ट पिशवीपर्यंत कशी पोचली ते सांगायला हवं, नाहीतर आमची नायिका तुम्हाला उगाच उपद्व्यापी वाटेल. उपद्व्यापी ती थोडी आहेच, पण उगाच नाही.

ती दातांची डॉक्टर. दवाखान्यात दातांचे फोटो घ्यायला तिने एक महागडी लेन्स घेतली होती, राईएवढी वस्तू लिंबाएवढी दाखवणारी. आठवडाभर त्या लेन्समधून दाढा बघायच्या आणि सुट्टीला फुलं, असा तिचा शिरस्ता. फुलाची खालची बाजू दिसावी म्हणून दवाखान्यातला छोटा गोल आरसा आणि बारीक चिमटाही कॅमेऱ्याच्या बॅगेत असायचा. एखादं फूल अर्धवट मिटलेलं असलं की ती सवयीने पुटपुटायची, "आ करा... अजून थोडं..."

त्या सकाळी वनस्पती उद्यानात तिच्याबरोबर भिंगरी होती. भिंगरी म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. बँकेत नोकरीला, पण एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यावरून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. तिला फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. फुलांसमोर स्वतःचे फोटो मात्र हवे होते. शिवाय डॉक्टरच्या आईने तिच्यावर एक कामगिरी सोपवली होती — पोरीच्या डोक्यात लग्नाचं भरव बाई, माझं ऐकत नाही ती. वसंतातलं कोवळं ऊन, गवतावर दव, झाडाझाडाला नवी लुसलुशीत पालवी... आणि भिंगरी गुलाबांपासून तळ्यापर्यंत एकामागून एक स्थळं सुचवत चालली होती.

डॉक्टरचं उत्तर ठरलेलं होतं. माणसं तोंडाने काय वाट्टेल ते बोलतात. दिवसभर तोंडंच बघत असल्यामुळे तोंडावर तिचा विश्वास उरला नव्हता. ती हात बघायची. आणि आईने दाखवलेल्या त्या शेवटच्या इंजिनिअरने चमचा असा काही धरला होता की...

"पुरे," भिंगरी म्हणाली. "चमच्यावरून नवरा नाकारणारी तू जगातली पहिली."

अशा गप्पा मारत दोघी काचघराच्या मागे आल्या, जिकडे फारसं कुणी फिरकत नाही. तिथे ती लिली होती. एकच दांडा, त्यावर एक मिटलेली कळी, आणि शेजारी कागदी पिशवी घातलेलं काहीतरी, बुडाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून. पाटी नाही, कुंपण नाही. उन्हाने कोमेजू नये म्हणून माळ्याने झाकलं असेल, असं डॉक्टरला वाटलं. भिंगरी म्हणाली, काढ की, कोण बघतंय. फोटो झाला की परत घालू, असं ठरवून डॉक्टरने पिशवी काढली.

आत लिली पूर्ण उमललेली. पांढरीशुभ्र, घशाशी किंचित पोपटी. डॉक्टरने लेन्स जवळ नेली आणि थबकली. फुलात एकही पुंकेसर नव्हता. सगळेच्या सगळे गायब. तुटलेले नाहीत, किड्याने कुरतडलेले नाहीत. पाकळीला ओरखडासुद्धा न काढता कुणीतरी एकाच उंचीवरून अलगद काढून घेतले होते. मधला लांब दांडा तेवढा शाबूत, आणि त्याचं टोक चिकट, चकाकणारं.

"अगं, हिचे दात काढलेत कुणीतरी," ती हळूच म्हणाली. "आणि काय सुरेख काढलेत... हात असावा तर असा."

तेवढ्यात एक मधमाशी आली. पायांना पिवळा पराग फासलेला, तशीच त्या चकाकत्या टोकावर जाऊन बसली. डॉक्टरने श्वास रोखला आणि बटण दाबलं. आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत इतका चांगला एकही नव्हता. माशी उडाली, आणि बूट दिसले.

तर, पिशवी तुम्ही काढलीत का, असं त्याने विचारलं होतं. हो, मीच काढली, असं तिने सांगितलं आणि मान वर केली. उन्हाने रापलेला, चष्मा कपाळावर ढकललेला एक तरुण. पण तिने चेहरा नंतर बघितला. आधी बघितले ते हात. लांब, निवांत बोटं, नखांत माती, आणि त्या बोटांत चिमुकली काचेची बाटली, ना घट्ट ना सैल. तिला विचारायची गरजच नव्हती, तरी तिने विचारलं.

"हे पुंकेसर तुम्ही काढलेत?"

"हो," तो म्हणाला. आणि का, तेही सांगितलं. तो या उद्यानात लिलीच्या नव्या जाती तयार करायचा. या पांढऱ्या लिलीचा कंद सडत आला होता. त्याने ती जिवापाड जपून वाचवली आणि यंदा पहिल्यांदा तिला दांडा आला होता. बाटलीत एका गडद लाल लिलीचा पराग होता. तोच आणि फक्त तोच या फुलाला लागावा म्हणून पुंकेसर काढायचे, पिशवी घालायची. आज मधल्या दांड्याचं टोक चिकट, म्हणजे पराग धरायला तयार झालं होतं, म्हणून तो बाटली आणायला ऑफिसात गेला होता, एवढंच. पुढे बी धरणार, रोप होणार, आणि त्याला फूल येऊन नेमकं काय हाती लागलं हे कळायला तीन वर्षं जाणार. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं. त्याने चांगलं खडसावलं असतं तर डॉक्टरला बरं वाटलं असतं.

मग त्याने विचारलं, "पिशवी काढल्यावर यावर काही बसलं का? माशी, मुंगी?"

"छे," भिंगरी तडक म्हणाली. "आत्ता तर काढली."

तो हसला. सुटल्यासारखा, मनापासून. त्याचा उजवा सुळा जरासा पुढे होता, आणि एखाद्याचा वाकडा दात सरळ करावासा न वाटण्याची डॉक्टरची ही पहिलीच वेळ. तो बाटलीचं बूच काढू लागला. भिंगरीने डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. खरंच, गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तो खूश राहिला असता, तिला नाव-गाव विचारलं असतं, कदाचित चहाही... आणि तीन वर्षं त्याने एका भलत्याच बीला पाणी घातलं असतं. खरं सांगितलं तर हे हसू जाणार आणि बहुतेक तोही.

"थांबा," ती म्हणाली, आणि कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

तो फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. माशीच्या पायावरचा परागाचा कण न् कण दिसत होता.

"फोटो फार छान आलाय," तो म्हणाला. मग खिशातून कात्री काढून त्याने ते फूल कापलं. कापलेल्या फुलाचं काय करावं न सुचून त्याने ते तिलाच देऊन टाकलं. "घ्या. मला आता याचा उपयोग नाही."

आजवर कुणी इतक्या रुक्षपणे तिला फूल दिलं नव्हतं. तिने ते नीट बॅगेला अडकवलं आणि विचारलं, "आणि ती कळी?"

कळी तो खुडणारच होता, कारण दोन बोंडं पोसायची या कंदात ताकद नव्हती. आता ती वापरता येईल, पण ऊन चढतंय. कळी तासाभरात उमलेल आणि आतला पराग फुटेल. त्याआधी, मिटलेल्या कळीतूनच पुंकेसर काढायला हवेत. त्याने स्वतःचा हात पुढे धरून दाखवला. बोटं थरथरत होती. आज माझ्याच्याने होणार नाही, असं त्याने सरळ कबूल केलं.

"हा माझा रोजचा धंदा आहे," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही फक्त पाकळ्या धरा."

तिने आरसा काढला, चिमटा काढला. त्याने दोन बोटांनी कळीची टोकं अलगद फाकवली. दोघांची डोकी इतकी जवळ आली की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास तिला आला. आरशात आधी त्याच्या पापण्या दिसल्या, मग कळीचं पोट.

"आ करा," ती सवयीने म्हणाली.

आणि त्याने आ केला.

भिंगरी फिसकन हसली. तो कानापर्यंत लाल झाला. "हलू नका," डॉक्टर म्हणाली, पण तिलाच हसू आवरत नव्हतं, फक्त हात तेवढा स्थिर होता. एकेक पुंकेसर बाहेर आला आणि त्याच्या तळहातावर निजला. पाकळी कुठे चिरली नाही. त्याने पिशवी घातली, चिमटा लावला, आणि मग पिशवीकडे न बघता तिच्या हातांकडे बघत राहिला. एवढा वेळ चक्क एका जागी उभ्या असलेल्या भिंगरीला अचानक तळ्यातली कमळं बघायची आठवण झाली, आणि ती निघून गेली.

"उद्या-परवा टोक चिकट होईल," तो म्हणाला. "तेव्हा पराग लावायचा. तुम्ही... याल?"

"येईन."

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. म्हणजे, माशीचं. लोक नाहीच म्हणतात."

"मग तीन वर्षांनी तुम्हाला कळलंच असतं."

"तोवर तुम्ही इथे कुठे असणार होतात?"

"तेच तर," ती म्हणाली. "तोवर मी इथेच असावं, असं मला मघापासून वाटायला लागलंय. खोटं बोलून मला इथे राहता आलं नसतं."

त्याने बाटलीचं बूच काढलं, पुन्हा लावलं. "एवढ्यात?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे येणारी माणसं पहिल्याच भेटीत तोंड उघडतात. मी कशाला थांबू? मला तुम्ही आवडलात."

काचघराच्या छपरावर ऊन आलं होतं. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जणू तिला पहिल्यांदाच नीट बघत होता.

"मी..." तो म्हणाला, "मी उद्या सांगणार होतो."

"मग सांगा की उद्या," ती बॅग खांद्याला लावत म्हणाली. "मी आज बोलले म्हणून तुमचं राहायला नको."