दोन पातळ, आठ जाड

"घरात चोरी झालीय आणि हे बघा, नखं कापत बसलेत!" मामींनी डिटेक्टिव्ह बाईंना दारातच गाठलं. "रिटायर झाल्यापासून हेच. नखं कापायची, आणि मी काही बोलले की 'हो' म्हणायचं."

"हो," खुर्चीतून नवरा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. मागून आलेल्या त्यांच्या मदतनिसाने धापा टाकत वही उघडली.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या फंडाचे पैसे आले, तेव्हा सोन्यात किती घालायचे यावरून महिनाभर घर पेटलं होतं. तो म्हणे, दहावा हिस्सा पुरे. मामी म्हणत, निम्मे. बँकेच्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. सोनं हातात घेता येत होतं. शेवटी एके दिवशी तो "हो" म्हणाला आणि पंधरवड्याने अर्ध्या पुंजीची म्हणून दहा बिस्किटं घेऊन आला. मामींनी ती डब्यात घालून कुलूप लावलं. काल गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मामींनी त्यातलं एक सराफाकडे नेलं. त्याने कानस मारली आणि म्हणाला, "आजी, वर मुलामा, आत पितळ आहे."

"कोणी बदललं ते मला ठाऊक आहे." मामींनी सुनेकडे रोखून पाहिलं.

"आई, तो डबा मी उघडा तरी पाहिलाय का कधी?" सून म्हणाली.

"किल्ली आईच्याच गळ्यात," मुलगा वैतागला. "अंघोळीलासुद्धा काढत नाही."

"झोपेतही नाही!" मामींनी मान ताठ केली.

"मी म्हटलं होतं, सोनं मोडू नको, बँकेतले काढू," नवरा हळूच म्हणाला.

"मॅडम, सूनच," मदतनीस कुजबुजला.

बाईंनी डबा उघडून घेतला. दोन बिस्किटं पातळ, आठ दुपटीहून जाड.

"वजन?"

"सगळ्यांचं सारखं. आणली त्याच दिवशी मी काट्यावर घातली. मला कोण फसवणार?"

"तेव्हाही ही आठ जाडच होती?"

"होती की. वेगळ्या कारखान्याची, म्हणाले हे. मला जाडच आवडली."

"काका, तुम्ही काय काम करत होतात?"

"मशीनवर. पितळेचे नळ, व्हॉल्व्ह."

"आणि नेलकटरच्या कडीत ही नवी किल्ली कसली?"

नखं कापणारा हात थांबला.

बाईंनी मदतनिसाची वही मिटली. "चोरी झालेलीच नाही. कुलूप शाबूत, किल्ली मामींच्या गळ्यात, बिस्किटं पहिल्या दिवसापासून अशीच. म्हणजे जे निघालं, तेच आत गेलं होतं. पितळ सोन्याहून हलकं. तेवढंच वजन भरायचं तर दुपटीहून जास्त लागतं. म्हणून आठ जाड. दहा म्हणजे निम्मी पुंजी, तर खरी दोन म्हणजे..."

"दहावा हिस्सा," मुलगा पुटपुटला.

"काकांनी आपलंच खरं केलं. म्हणून तर सोनं मोडू नको म्हणणारे तेवढे एकटे होते."

"बाकीचे पैसे?" मामींचा आवाज चिरकला.

नवऱ्याने किल्ली कडीतून सोडवली आणि टेबलावर ठेवली. "वृद्धांच्या वसाहतीत खोली घेतलीय. दुपारी वाचनालयात म्हणून जातो, ते तिथेच."

"आपल्यासाठी?"

"खाट एकच मावते." तो किल्लीकडेच बघत राहिला. "शांत असतं तिथं."

सुनेने मुकाट्याने स्टूल आणून मामींच्या पायापाशी सरकवलं. मामींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि बसल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, चोराला निदान कुलूप फोडायची हिंमत लागते. तुमच्यात तेवढीही नव्हती. एकदा तोंडावर 'नाही' म्हणाला असतात, तर मी भांडले असते, पण माझ्यासमोर नवरा आहे हे तरी कळलं असतं. ती दोन पातळ माझी. आठ जाड घेऊन तुम्ही निघा. आणि तिथल्या भिंतीला सांगत बसा रोज, हो, हो, हो."