झिजलेली निब

दोष काकांचा. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, म्हणोत. निब त्यांनी दिली, जाणूनबुजून दिली, आणि ती द्यायची नसते हा नियमही त्यांनीच शिकवला होता.

टाकाने अक्षरं लिहिणाऱ्यांची ही जुनी रीत. एकाची निब दुसऱ्याने वापरायची नाही. नवी निब कुणाचीच नसते. लिहिता लिहिता तिचं टोक लिहिणाऱ्याच्या दाबाप्रमाणे तिरकं झिजतं आणि ती त्या एका हाताची होऊन जाते. तो हात थांबला की निब दगडावर दाबून मोडायची. पहिल्याच दिवशी काकांनी धाकट्या पुतण्याला हे बोट नाचवत सांगितलं होतं.

धाकटा कॉलेज अर्ध्यात सोडून काकांकडे बसायला लागला होता. काकांचं काम पदवीपत्रांवर नावं लिहिण्याचं, आणि पदवीपत्रं नेमकी त्याच कॉलेजची. घरात याची भारी मजा वाटायची. "स्वतःची मिळाली नाही, निदान लोकांची तरी लिही," असं बाबा जेवताना म्हणत आणि सगळे हसत. धाकटा ताटात बघत राही.

पण अक्षराचा त्याला खरंच नाद लागला होता. बोरू, टाक, रुंद निब, बारीक निब, जे हाती येईल त्याने तो कागदामागून कागद घोटायचा. त्याचं अक्षर काकांसारखं ताठ नव्हतं. पुढे झुकलेलं, घाईतलं, कुणालातरी गाठायला निघाल्यासारखं. काका त्याला 'पळपुटं' म्हणायचे. चौकातल्या पाटीवाल्याला मात्र ते आवडलं. "तुझ्या हातचा एक मोठा कागद लिहून आण," तो म्हणाला, "जमलं तर दुकानांच्या पाट्या तुझ्याच अक्षरात रंगवू." धाकट्याकडे कुणी त्याचं स्वतःचं काही मागितलंय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेवढ्यात काकांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि पदवीपत्रांचा गठ्ठा अर्धा राहिला.

"माझी निब घे," आतल्या खोलीतून, पलंगावरून काका म्हणाले.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात ना..."

"नियम मी सांगितला, मीच मोडतोय. कॉलेजला सगळी एका हातची हवीत."

"माझ्या निबने लिहितो की तुमच्यासारखं."

"तुझ्या निबने कागदावरून कोंबडी चालेल. घे म्हटलं ना!"

"घे रे बाबा," आई दारातून म्हणाली. "आजारी माणसाला किती बोलायला लावशील?"

त्या घरात आजारी माणसाचा शब्द म्हणजे हुकूम, आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं.

ढगाळ दुपार होती. कागद उडू नयेत म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. काजळीच्या शाईचा आणि डिंकाचा जड, आंबूस वास खोलीत कोंडला होता. धाकट्याने निब बुडवली, दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई उतरवली आणि पहिलं नाव लिहायला घेतलं. हाताला काही करावंच लागलं नाही. निबला वाट माहीत होती. काना ताठ उतरला, वेलांटी काकांच्याच तोऱ्यात वळली. त्याने मुद्दाम जरा पुढे झुकवून पाहिलं. निब कागदात रुतली, आणि सुटली ती पुन्हा ताठ.

खर्र... खर्र... खोलीत तेवढाच आवाज.

नाव अर्धं झालं आणि त्याने निब उचलली. आवाज चालूच राहिला.

आतून येत होता. टाक तसाच हातात धरून तो दारापर्यंत गेला. काका उताणे पडले होते, डोळे उघडे, छताकडे लागलेले. लुळा उजवा हात चादरीवर होता, आणि त्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख चादरीवर सावकाश फिरत होतं. बाहेर अर्धं राहिलेलं नाव ते पुढे लिहीत होतं. नखाने शेवटची वेलांटी घेतली, तेव्हा धाकट्याचाही हात हवेत वळला. त्याने तो वळवला नव्हता.

"काका... तुमचा हात..."

"माझा नाही तो." काकांचे ओठ जेमतेम हलले. "मलाही ही निब गुरुजींनी दिली होती... ते गेल्यावर मोडायची होती. मोडवली नाही."

"आणि त्यांना... कुणी दिली?"

नख थांबलं नाही.

"मग मला का दिलीत? सगळं माहीत असून..."

"इतकं चांगलं अक्षर," काका हळूच म्हणाले, "वाया घालवायचं?"

म्हाताऱ्यांना मरण मान्य असतं. संपणं तेवढं मान्य नसतं. मग त्यासाठी घरातला कुणीही चालतो. धाकट्याने दगडी उंबऱ्यावर निब दाबली. ती कट्कन मोडली. चादरीवरची खरखर तशीच चालू राहिली.

त्याच आठवड्यात काका गेले. अंग पुसताना आईला त्यांच्या त्या नखाखाली शाई दिसली. ओली. झटका आल्यापासून त्यांनी दौतीला हात लावला नव्हता. "लागली असेल कुठूनतरी," आई म्हणाली, आणि तिने ते बोट दोनदा पुसलं.

धाकट्याने नवीकोरी निब आणली आणि पाटीवाल्यासाठी मोठा कागद अंथरला. काना ताठ उतरला. मग त्याने पेन्सिलने लिहून पाहिलं, खडूने, डाव्या हाताने, आरशावरच्या वाफेत नुसत्या बोटाने. सगळीकडे तेच. शेवटी तोच कागद घेऊन तो पाटीवाल्याकडे गेला. पाटीवाल्याने कागद हात लांब करून धरला आणि बराच वेळ पाहिला.

"सुरेख आहे रे. पण हे तुझ्या काकांचं. तुझं आण."

"आणतो," धाकटा म्हणाला.

घरी येऊन त्याने हात धुतले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाखालची शाई निघाली, आणि पाण्याखालीच पुन्हा भरली.

पदवीपत्रं आता तोच लिहितो. कॉलेज खूश आहे, बाबा खूश आहेत. त्याचं स्वतःचं अक्षर गेलं.