बारावा पाहुणा

दिवा राहू द्या. अंधारात मला हे सांगता येणार नाही.

गेल्या फेब्रुवारीतली रविवारची दुपार. ग्लासगोत जुन्या सिनेमांचा एक फेस्टिव्हल भरतो, तिथे मी व्हॉलंटियर होते. माझा नवरा सुश्रुत डॉक्टर आहे. त्या दिवशी त्याला ड्यूटी नव्हती, म्हणून माझा डबा घेऊन तो थिएटरवर आला. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती. त्याचं जॅकेट निथळत होतं.

"आलोच आहे तर बसतो थोडा वेळ. काय दाखवताय?"

"शो उद्या आहे रे. आत्ता नुसतं चेकिंग."

नव्वदएक वर्षांपूर्वीची हॉलिवुडची शॉर्ट फिल्म होती, वीस मिनिटांची. समुद्रकाठी भरलेला उत्सव, आणि त्या काळचे स्टार्स एकेक करून स्टेजवर येतात, हात हलवतात, जातात. कृष्णधवल. साउंडट्रॅक कधीच हरवलेला. कोण कितव्या मिनिटाला येतं ते मी यादीशी ताडून पाहायचं होतं. यादीत अकरा नावं होती.

मी वर प्रोजेक्शन रूममध्ये मोरागशेजारी बसले. मोराग तिथली जुनी ऑपरेटर, साठी उलटलेली, मोजकं बोलणारी. खाली एवढ्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटा सुश्रुत. झरोक्यातून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं.

रीळ सुरू झालं. पांढऱ्या सुटातला निवेदक हसत हसत एकेकाला बोलवायचा, गर्दी टाळ्या वाजवायची. आवाज फक्त मशीनचा. मी खुणा करत गेले. नऊ. दहा. अकरा.

अकराव्या बाई स्टेजवरून उतरल्या. इथे फिल्म संपायला हवी होती.

निवेदक मात्र तिथेच थांबला. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, कपाळाशी हात धरून उन्हातून कुणाला शोधावं तसं त्याने खाली खुर्च्यांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"मोराग, हे यादीत नाहीये."

"काल मी दोनदा चालवली," ती हळूच म्हणाली. "काल... हे नव्हतं."

तेवढ्यात खालून सुश्रुतचा आवाज आला. संकोचलेला, वडीलधाऱ्यांशी बोलतो तसा.

"मी?... अहो, नाही हो... मी आपला बघायला आलोय..."

निवेदकाने हात पुढे केला.

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. हॉलमध्ये कुणीच नव्हतं. त्याच्या खुर्चीवर ओलं जॅकेट तेवढं होतं. खाऱ्या वाऱ्याचा वास येत होता, आणि उन्हात तापलेल्या लाकडाचा. पडद्यावर सगळी गर्दी उभी राहिली होती. स्टेजवर निवेदकाने कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकला होता. त्या माणसाची आमच्याकडे पाठ होती.

आठ वर्षांच्या संसारात पाठ ओळखता येते हो.

तो हळूहळू वळायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं मला, पण तो पूर्ण वळला की संपलं, हे मला कळत होतं.

"मोराग! बंद कर! बंद कर ते!"

काळोख झाला. आणि त्या काळोखात, मशीन बंद असताना, टाळ्या ऐकू आल्या. शेकडो हातांच्या... मग त्याही थांबल्या.

दिवे लागले तेव्हा सुश्रुत पडद्याखाली कार्पेटवर बसलेला होता, डोळे घट्ट मिटून.

"ऊन फार आहे गं, वरदा..."

त्याचा चेहरा, मान, हात लालभडक झाले होते. गालाला हात लावला तर चटका बसला.

मोरागने ती फिल्म कार्यक्रमातून काढून टाकली. आधी तिने रीळ हाताने उलगडून शेवटपर्यंत तपासलं. अकरा पाहुणे, आणि समाप्त. सुश्रुतला काहीच आठवत नव्हतं, डोळा लागला असेल म्हणाला. रात्री आरशात बघून स्वतःच हसला, "सनबर्न! ग्लासगोत, फेब्रुवारीत!" मग खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिला आणि पुन्हा हसला नाही.

पाचव्या दिवशी कातडी सोलपटायला लागली. त्याने मला बाथरूममधून हाक मारली.

"जरा इकडे ये... दिवा मोठा लाव."

कानाखालची साल निघाली होती. खाली नवी कातडी आली होती. ती गुलाबी नव्हती, सावळीही नव्हती. राखाडी होती. मी बोट लावलं. ऊब होती, नाडी लागत होती. रंग तेवढा नव्हता.

तेव्हापासून तो गळ्याभोवती मफलर गुंडाळतो. हॉस्पिटलमध्ये अजून कुणी विचारलेलं नाही.

आज सकाळी निघताना त्याने हातमोजे मागितले.