दांडीचं वंगण

दादाचं कॉफीचं मशीन धुवायला पाऊण तास लागायचा. घाई केली तर दीड तास. हे गणित दादाचंच. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, त्याच्या घरात चमच्यालासुद्धा जागा ठरलेली. आधी बिनभोकाची चाळणी बसवायची, तिच्यात मशीन साफ करायची चिमूटभर पावडर टाकायची, पाणी सोडायची दांडी वर करून दहा मोजायचे, मग खाली. पाणी वाट न मिळाल्यानं उलटं फिरतं आणि आतला चिकट काळेपणा घेऊन ताटलीत पडतं. असं पाच वेळा, मग नुसत्या पाण्यानं पाच वेळा. पाणी नितळ आलं की बाजूचा नट सोडवून दांडी बाहेर ओढायची, पुसायची आणि नवं वंगण लावायचं. पावडर मळाबरोबर वंगणही धुऊन नेते, म्हणून ही दोन कामं जोडीनंच करायची. कोरडी दांडी कुरकुरते.

धाकट्या भावाला हे सगळं पाठ होतं. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं भिंगं बसवलेला तो; हात हलका, नजर पक्की. कुणी भुताखेताची गोष्ट काढली की त्याचं एकच म्हणणं, "आधी नंबर तपासून घ्या."

दादाला जाऊन सात आठवडे झाले होते. दुपारी पुतणी मशीन न्यायला येणार, म्हणून तो सकाळपासून स्वयंपाकघरात बसला होता. नट सोडवला, दांडी बाहेर ओढली, आणि जे दिसेल असं वाटत होतं तेच दिसलं. दांडी कोरडी होती.

ही पाचवी वेळ. दादा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी दांडी कुरकुरायला लागली. त्यानं वंगण लावलं. आठवड्यानं पुन्हा कुरकुर. उघडून बघतो तर आत पुसल्याची खूणसुद्धा नाही. कधी काही लागलंच नसावं इतकी कोरडी. मधल्या काळात पावडरला तर त्यानं हातही लावला नव्हता. वंगणच खराब असेल म्हणून त्यानं नवी नळी आणली. थोडं दांडीला लावलं, थोडं एका भिंगावर लावून खिडकीत ठेवलं. आठ दिवसांनी भिंगावरचं जसंच्या तसं होतं. दांडीवरचं नव्हतं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

दादा पडला, कंबर मोडली, आणि अंथरुणाला खिळला तेव्हा धाकटा आपलं बिऱ्हाड आवरून त्याच्याकडे राहायला आला. औषधं, अंघोळ, चादरी, सगळं त्यानं केलं, आणि प्रेमानं केलं. डॉक्टरांनी दुपारी अर्धा कप कॉफीची परवानगी दिली होती. चार वाजता दांडी कुरकुरली की आतल्या खोलीतून हाक यायची, "लागला का रे कारखाना? मला पण टाक." मग दादाला कॉफी पाजायची म्हणजे अर्धा तास. एक घोट, मग थांबायचं, मग एक गोष्ट ऐकायची, मग दुसरा घोट. तोवर धाकट्याची गार व्हायची.

दोन महिने त्यानं हे केलं. मग एका सकाळी तो दादाला म्हणाला, "ही दांडी फार रडते. वंगण कसं लावतात?"

दादाला काय आनंद झाला! पडल्यापडल्या त्यानं एकेक पायरी ओरडून सांगितली. "शेंगदाण्याएवढंच घे! लग्नाला निघाल्यासारखं थापू नकोस!" काम झालं आणि दांडी आवाज न करता फिरली तेव्हा आतून शाबासकी आली, "हात सोन्याचा आहे हो तुझा."

त्या दिवसापासून धाकटा चार वाजता ओट्याशी उभा राहून, एकटा, गरम कॉफी पिऊ लागला. दादाची हाक आली नाही. पहिल्या दिवशी त्यानं सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी त्याला त्या श्वासाची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सवय झाली.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, अर्ध्या कपाचं काय एवढं? पण माणसाचं पाप कधीकधी अर्ध्या कपातही मावतं, आणि मग ते कुठे ओतून टाकता येत नाही. शंभराच्या वर दिवस गेले. दादानं कॉफीचं नाव काढलं नाही, आणि एका पहाटे झोपेतच गेला.

पुतणी तीनला आली. दारातच तिनं काकाला मिठी मारली.

"किती वाळलायस रे काका! स्वतःला काही खायला घालतोस की नुसतं मशीनला तेलपाणी?"

"मशीन तक्रार करतं. पोट करत नाही."

ती हसली, आणि ओट्याशी जाऊन तिनं दांडीवर हात ठेवला. तासाभरापूर्वीच त्यानं ताजं वंगण लावलं होतं.

"बाबा रोज फोनवर सांगायचे," ती म्हणाली. "'आज काय झकास कॉफी केली होती काकानं! दोघांनी गप्पा मारत घेतली.' रोज, काका. मी लांब होते, पण चार वाजले की माझा जीव शांत असायचा. हे मशीन नेतेय ते त्यासाठीच. तुझे उपकार..."

"उपकार काय त्यात," धाकटा म्हणाला. कान तापले होते. म्हणजे दादाला ठाऊक होतं. आवाज बंद केला होता, पण वास? वासाला कुठलं वंगण लावणार होता तो? शंभर दिवस दादानं तो वास घेतला, आणि संध्याकाळी फोनवर भावाची लाज राखली.

आज सांगितलं नाही, तर ही पोर मशीनबरोबर तो खोटेपणाही घरी नेणार होती, आणि जन्मभर जपणार होती.

"नेण्याआधी एकेक कप करू," ती म्हणाली. "तू बस, मी करते."

"मी मशीनवर घालायला चादर आणतो," असं म्हणून तो आतल्या खोलीत गेला.

चादर कपाटातच राहिली. तो दादाच्या पलंगावर बसला, मग आडवा झाला. दादाचं डोकं जिथे असायचं तिथे त्यानं डोकं ठेवलं. इथून किती ऐकू येतं, हे त्यानं कधी तपासलंच नव्हतं.

सगळं ऐकू येत होतं. डब्याचं झाकण. दळताना बियांची चरचर. कप ठेवल्याचा टक्. आणि मग दांडी कुरकुरली.

"कुरकुरते का गं?" त्यानं विचारलं.

"छे! लोण्यासारखी फिरतेय!"

ती हे बोलत असतानाच दांडी पुन्हा कुरकुरली. सावकाश. लांबवर.

मग कुणीतरी फुंकर घातली. घाईघाईनं, उभ्याउभ्या. एक घोट. घशात दाबलेला खोकला. मग नळाची बारीक, अगदी बारीक धार. कप विसळताना वाजू नये इतकी बारीक.

ती धार त्याला ओळखीची होती. नळ तितकाच सोडायला शिकायला त्याला आठवडा लागला होता.

"प्यायलीस का?" त्याचा आवाज चिरका आला.

"अजून नाही रे. तुझ्यासाठी थांबलेय. अजून ओततेच आहे."

मग वास आला. कडू, गरम, सगळी खोली भरून टाकणारा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांना धार लागली.

"इकडे ये, बाळ."

ती दाराशी आली. वडिलांच्या जागी काकाला पाहून तिथेच थांबली.

तो छताकडे बघत बोलला. तिच्याकडे बघणं त्याला जमलं नसतं.

"मी दादाला कॉफी देत नव्हतो. पहिले दोन महिने दिली. मग त्याला ऐकू जाऊ नये म्हणून दांडीला वंगण लावलं. त्यालाच विचारून लावलं. आणि एकटा प्यायलो. तुला फोनवर सांगायचा ते खोटं होतं. माझ्यासाठी बोलायचा."

तिनं हातातल्या कपांकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली. "उठ आता. गार होतेय."

त्यानं उठायला हात टेकले. उठवेना. कंबरेखाली सगळं दगड झालं होतं.

तेव्हा मानेखाली एक तळवा आला. रुंद, कोरडा, सावकाश. मान लचकू नये म्हणून आधी डोक्याला आधार दिला, मग खांद्यांना, आणि त्याला हळूच बसतं केलं. पाठीशी उशी सरळ झाली.

पुतणी अजून दारातच उभी होती. दोन्ही हातांत कप घट्ट धरून.