टेपची पुसलेली सुरुवात

"आज बुधवार," काओबाईंचा मदतनीस त्सेंग नाक मुरडत म्हणाला. "कचरागाडी नाही, म्हणजे माशाचे काटे उद्या संध्याकाळपर्यंत घरातच. एकट्या माणसाचं स्वयंपाकघर कधी हुंगलंयत, काओबाई?"

हरवलेल्या वस्तूंचा छडा लावणाऱ्या काओबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. दारात फान उभा होता. वानछिंग या गायिकेवर माहितीपट करणारा तरुण दिग्दर्शक. डोळे तारवटलेले.

"टेप गेली, काओबाई. वानछिंगचं शेवटचं गाणं! ती जाऊन आठ वर्षं झाली. तिने घरी भरलेली कॅसेट आत्ता तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या कपाटात सापडली. शनिवारी पहिला खेळ. कंपनीला ती तिथं काचेच्या पेटीत मांडायचीय. मिळाली नाही तर माहितीपटच अडवतील."

"गाणंही गेलं?"

"नाही, संगणकात आहे. सुरुवातीला कचरागाडीची धून, कुत्र्याचं भुंकणं, कुणाच्या तरी हाका... तेवढं आम्ही संगणकातल्या प्रतीतून पुसून टाकलं. काल दुपारी तसं सांगूनच तिघांना ऐकवलं. आज सकाळी डबी जागच्या जागी, आत कॅसेट नाही."

तिघे म्हणजे ध्वनिमुद्रक येन, कंपनीच्या होंगबाई आणि वानछिंगचे वडील, ल्याओ काका.

स्टुडिओत येन भडकलाच. "मी? अहो, डबीवर तिच्या हातचं अक्षर आहे. चाहते त्यावर जीव टाकतात. विकायला चोरली असती तर डबी सोडली असती का?"

होंगबाई थंड होत्या. "गाण्यात ती आमच्या कंपनीला टोमणे मारते, म्हणून माझ्यावर संशय? मारू दे. गाणं संगणकात असताना नुसती कॅसेट पळवून मी काय साधणार?"

"काल ऐकल्यावर कोण काय म्हणालं?" काओबाईंनी विचारलं.

"मी रडलो," येन म्हणाला. "या होंगबाई फोनवर होत्या. म्हातारा एवढंच म्हणाला, 'एवढंच?' पोटच्या पोरीचं गाणं, आणि एवढंच! दगड आहे नुसता."

काओबाईंनी छत्री उचलली. "चला, ल्याओ काकांकडे."

वान्हुआ वस्तीतल्या जुन्या इमारतीचा चौथा मजला. लिफ्ट नव्हती. त्सेंग धापा टाकत वर पोचला आणि बंद दाराआडून ओळखीची धून ऐकू आली.

"गाडी!" सवयीने तो मागे वळला. काओबाईंनी त्याची बाही धरली.

आतून थकलेला आवाज आला, "आलो, आलो."

"कान तिखट आहेत हो म्हाताऱ्याचे," त्सेंग कुजबुजला.

काओबाईंनी मग बेल दाबली. धून एकदम तुटली.

काकांनी दार उघडलं. हातात छोटीशी पिशवी. तिच्यात केळ्याची एक साल.

"बसा. चहा टाकतो."

"नको, काका. त्सेंग, आज वार कुठला?"

"बुध..." त्सेंगचं तोंड उघडंच राहिलं.

"बुधवारी गाडी येत नाही, तरी धून वाजली. आपण बेल वाजवायच्या आधीच काका 'आलो' म्हणाले. कुणाला?" काओबाई फानकडे वळल्या. "चोराला गाणं नको होतं, ते संगणकात होतं. अक्षर नको होतं, डबी तिथंच राहिली. त्याला हवं होतं ते फक्त मूळ टेपवर उरलं होतं. तुम्ही पुसलेलं. 'एवढंच?' असं विचारणाऱ्याला त्याआधी काय होतं ते ठाऊक होतं. कारण त्या दिवशी तो घरात होता."

काका खिडकीतल्या जुन्या टेपरेकॉर्डरपाशी गेले. त्यांनी टेप मागे फिरवून बटण दाबलं.

धून. कुत्रं. आणि धावत आलेला कोवळा आवाज, "अप्पा! गाडी आली! पिशवी तुम्हीच न्या, मी गातेय!" लांबून, "आलो, आलो."

"दुकानात, टॅक्सीत, सगळीकडे ती सगळ्यांसाठी गाते," काका म्हणाले. "मला हाक मारते ती इथंच."

"मागायची होती, काका!" फान म्हणाला.

"कुणाकडे? कपाटावर कंपनीचं नाव होतं."

"माहितीपट या हाकेनंच सुरू करतो."

"नको रे. गाणं लोकांना दे. हाक राहू दे माझ्यापाशी."

"आणि शनिवारी पेटीत काय ठेवू?" फानने हळूच काओबाईंना विचारलं.

"डबी. लोक अक्षरच बघतील. होंगबाईंना मी सांगते, टेप जिथं भरली होती त्या घरी परत गेली. त्यांना भांडायचं असेल तर चार जिने चढून इथं यावं, आणि हे ऐकून मग भांडावं."

गुरुवारी संध्याकाळी गल्लीत धून वाजली. त्सेंगने काट्यांची पिशवी उचलली. दाराशी तो क्षणभर थांबला, आणि मागच्या रिकाम्या घराला म्हणाला, "आलो हं."